ट्रॅक्टर दिसला पाहिजे

पन्नास मिलिमीटरची लेन्स दोन प्रकारची असते. एक आपल्या कॅमेऱ्याला लावलेली आणि दुसरी चांगली. ही दुसरी कायम दुकानाच्या काचेमागे बसलेली असते, तिच्या किमतीची चिठ्ठी पालथी ठेवलेली असते आणि ती बघायला मागितली की दुकानदार आधी आपल्या चपलांकडे बघतो.

मी बुलढाणा जिल्ह्यातला शाळामास्तर. शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे चेहरे टिपतो. सध्या माझ्या डोक्यात दोन लेन्स भांडत आहेत. दोन्ही पन्नासच्या, दोन्हींतून माणूस सारख्याच आकाराचा दिसतो. फरक एवढाच की एक एफ १.८ आहे आणि दुसरी एफ १.४. पन्नासला १.८ ने भागलं की अठ्ठावीस मिलिमीटरचं भोक, म्हणजे अपर्चर, येतं, १.४ ने भागलं की छत्तीसचं. म्हणजे आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, आणि किंमत त्याहून मोठी. एफ १.४ ची किंमत १.८ च्या जवळजवळ तिप्पट. हे मी घरात समजावून सांगायला बसलो.

‘‘यातली भारी कोणती?’’ सौभाग्यवतींनी विचारलं.

‘‘एक पॉइंट चार.’’

‘‘आणि स्वस्त?’’

‘‘एक पॉइंट आठ.’’

‘‘तुम्ही शाळेत गणितच शिकवता ना?’’

विषय त्या दिवसापुरता तिथेच मिटला.

आता कोणी म्हणेल, मोठं भोक लागतं ते अंधारात, आणि एवढा अंधार आहे तरी कुठे तुमच्या जिल्ह्यात? उन्हाळ्यात मलकापूर स्टेशनवर उतरून बघा, ऊन डोळे उघडू देत नाही. खरं आहे. पण आमच्याकडे बघण्यासारखं जे जे आहे ते नेमकं उजेड नसताना घडतं. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. संध्याकाळी शेतात अठरा धान्यांचा गोल मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, ते पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजी, वडा. विड्यावर ठेवलेली सुपारी म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी वाघ घराण्यातली मंडळी काय हललं, काय फुटलं ते पाहतात आणि पाऊस, पिकं, राज्यकारभार यांचं भाकीत सांगतात. भाकितावर वाद घालणारे दरवर्षी घालतात, त्यात मी पडत नाही. माझा डोळा भोवतीच्या गर्दीवर असतो. कपाशीचं कसं होणार हे ऐकताना म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडावर जे उमटतं, ते वर्षात एकदाच उमटतं आणि तेही अशा वेळी, जेव्हा हातातलं घड्याळसुद्धा नीट दिसत नाही.

तिथे कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स कामाची नाही. ती पन्नासच्या आसपास ओढली की एफ ५.६ वर जाऊन बसते. तिथून एफ १.८ वर आलं की प्रकाश जवळजवळ दहापट होतो. ही खरी उडी, आणि ती स्वस्तातली उडी. पुढे १.८ वरून १.४ वर जायचं तर प्रकाश वाढतो दीडपटीहून थोडा जास्त, आणि पैसे जातात तिप्पट. म्हणजे जिथे १.८ ला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० लागतो तिथे १.४ ला १००० पुरतो. छापलेल्या फोटोत हा फरक भिंग घेऊन शोधावा लागतो, आणि तो शोधणारा माणूस शंभरात एखादाच, तो म्हणजे स्वतः फोटोग्राफर. वहीत मी हे गणित मांडलं तेव्हा १.८ जिंकली होती. पण वहीने कुणाचं मन कधी भरलंय?

शिवाय लोणार आहे. दैत्यसूदन मंदिरात भर दुपारी गर्भगृहात शिरलं की आपण आपल्यालाच चाचपून बघतो. छतावरचं कोरीवकाम बघायला टॉर्च लागतो. स्मारक पुरातत्त्व खात्याकडे, परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. मग हातात धरलेला कॅमेरा आणि लेन्सचं भोक एवढ्यावरच सगळी भिस्त. सैलानीच्या यात्रेत होळीला नारळांचा डोंगर पेटतो, तिथे उजेड असतो पण तो जागेवर थांबत नाही. शेगावच्या मंदिरात फोटोला मनाई आहे, त्यामुळे जिल्ह्यातली निदान एक जागा या भांडणातून सुटली. मी तिथे जातो तेव्हा खरोखरच मनःशांती लाभते.

लोणारवरून आठवलं. आमचं सरोवर बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात. आणि चंद्रासाठीच १९६६ च्या सुमाराला झाइस कंपनीने नासाला पन्नास मिलिमीटरच्या लेन्स करून दिल्या, त्यांचं अपर्चर होतं एफ ०.७. अशा जेमतेम दहा लेन्स बनल्या. त्यातल्या तीन स्टॅनली कुब्रिक नावाच्या दिग्दर्शकाने मिळवल्या आणि १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटातले प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. लोडशेडिंग नसताना माणूस मेणबत्त्या लावून बसतो, यालाच बहुधा कला म्हणत असावेत. पण त्याच्याही नटांना जागचं हलायची चोरी होती. जरा मान पुढे आली की चेहरा धूसर. आमच्या भाच्याला ‘हलू नको’ म्हटलं की तो नाचायला लागतो. त्याला ०.७ वर कुब्रिकसुद्धा पकडू शकला नसता.

हा पातळ फोकस हीच मोठ्या भोकाची खरी किंमत. दुकानात ती कोणी सांगत नाही. माझ्या कॅमेऱ्यावर एफ १.४ लावून मीटरभर अंतरावरच्या माणसाच्या डोळ्यावर फोकस धरला, तर दोनेक सेंटीमीटर जाडीचाच माणूस स्पष्ट येतो. १.८ वर पावणेतीन. सडपातळ तरुणीला हे चालून जातं. आमच्या मोठ्या काकांना चालत नाही. गावातल्या स्टुडिओवाल्या भाऊंची १.४ मागून आणली आणि काकांना ओसरीवर बसवलं. डावा डोळा असा आला की पापण्या मोजाव्यात. उजवा डोळा जरा मऊ. मिशा मात्र धुक्यात गेल्या. काकांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला.

‘‘माह्या मिशा कुठी गेल्या बे?’’

मी त्यांना सांगितलं की नजर डोळ्यावर खिळावी म्हणून हे असं करतात, याला पोर्ट्रेट म्हणतात.

‘‘पन्नास वर्सं पाळल्या मिशा,’’ काका म्हणाले, ‘‘अन् तू एका मिनिटात भादरल्या.’’

खरी परीक्षा मात्र मामांच्या अंगणात झाली. मामांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता. हार, नारळ, कुंकवाचं स्वस्तिक, सगळं झालं. मामा ट्रॅक्टरपुढे उभे राहिले, मी भाऊंकडूनच मागून आणलेली १.८ पूर्ण उघडी ठेवली. काय फोटो आला! मामा अगदी देवळातल्या समईच्या उजेडात उभे असावेत तसे, आणि मागे लाल रंगाचा एक मऊ ढग. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मामांनी ढगावर बोट ठेवलं.

‘‘हे काय व्हय?’’

‘‘ट्रॅक्टर.’’

‘‘हप्ते मी भरतो, अन् तू त्याले पुसून टाकतं?’’

त्या क्षणी मला वऱ्हाडी पोर्ट्रेटचं शास्त्र कळलं. मागचं धूसर करणं ही सगळ्या लेन्सपंडितांची आवडती करामत. एकीत पाच पात्यांचं अपर्चर आहे म्हणून मागचे दिवे पंचकोनी दिसतात, दुसरीत सात आहेत म्हणून गोलसर, यावर ते रात्री जागवतात. कॅननची १९९० सालची प्लास्टिकची ५० मिमी १.८ पाच पात्यांची, २०१५ साली आलेली सात पात्यांची आणि १९९३ ची १.४ आठ पात्यांची, हे मलाही तोंडपाठ आहे. पण आमच्याकडे माणूस एकटा फोटोत येतच नाही. तो घरासकट येतो, बैलासकट येतो, सोयाबीनच्या ढिगासकट येतो. लग्नात मंडपाच्या फुलांवर पोरीच्या बापाने कर्ज काढलेलं असतं. त्या फुलांचे गोलसर काय आणि पंचकोनी काय, ठिपके करून ठेवले तर तो अल्बम परत करील, आणि बरोबरच करील. मग मी निमूट एफ ८ वर जातो. फुलं दिसतात, ट्रॅक्टर दिसतो, मिशाही परत येतात. आणि एफ ८ वर स्वस्त पन्नास कोणती आणि महाग पन्नास कोणती, हे ओळखून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे खामगावच्या चांदीचं नाणं.

(मामांच्या पोराने मोबाइलवर काढलेल्या फोटोत मामांचा एक कान आपोआप धूसर झाला होता. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण त्यात मामा गोरे आले होते.)

आणखी एक गोष्ट छापील माहितीत येत नाही, ती म्हणजे खोलीची लांबी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत आत्याचा कमरेपर्यंत फोटो घ्यायचा तर मागे सरकत सरकत मी मोरीत पोचतो. पूर्ण कुटुंब हवं असेल तर मोरीच्या पलीकडची भिंत पाडावी लागेल. एका स्नेह्याने ८५ ची शिफारस केली. चेहऱ्यासाठी तिच्यासारखी लेन्स नाही, हे मान्य. पण ती घेतली तर आत्या आमच्या घरात आणि मी शेजाऱ्यांच्या अंगणात, आणि शेजाऱ्यांशी आमचं बांधावरून बोलणं बंद आहे.

शेवटी मी स्टुडिओवाल्या भाऊंकडे गेलो आणि दोन्ही लेन्स त्यांच्यापुढे ठेवल्या. एक १६० ग्रॅमची, दुसरी २९० ची. त्यांनी दोन्ही तळहातांवर तोलल्या, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘सर, तुमाले काढाचं काय हाये?’’

‘‘माणसं.’’

‘‘पैसे घेऊन का फुकट?’’

‘‘फुकट.’’

‘‘मंग १.८ घ्या. फुकटच्या फोटोले लोक १.४ च्या फोटोइतक्याच शिव्या देतात.’’

तेव्हा निकाल असा. किट लेन्सवरून उठत असाल तर ५० ची १.८ घ्या. सेन्सर लहान आणि खोल्याही लहान असतील तर ३५ ची १.८. एफ १.४ घ्यायची ती लग्नाची सुपारी घेणाऱ्याने, ज्याला रात्री बारा वाजता वरातीत धंदा करायचा आहे. उरलेल्या पैशांतून भेंडवळपर्यंतचं पेट्रोल होतं, काढलेले फोटो मोठे छापून ज्याचे त्याला नेऊन देता येतात. आणि मामांच्या वयाचं कोणी समोर उभं राहिलं, तर अपर्चरला हात घालण्याआधी त्यांना विचारा, मागचं काय काय यायला हवं.