कत्तिरीतलं तंजावर

दक्षिणेत कधी जावं याबद्दल सगळ्या जाणकारांचं एकमत असतं: डिसेंबर ते फेब्रुवारी. इतकं एकमत एरवी फक्त लग्नातल्या जेवणाला नावं ठेवताना होतं. म्हणूनच मी तंजावरला मे महिन्यात गेलो. खोल्या रिकाम्या, दर उतरलेले आणि हॉटेलवाल्याच्या नजरेत थोडा आदर, बरीचशी काळजी.

तमिळ पंचांगात साधारण ४ ते २८ मे हा काळ अग्निनक्षत्राचा. लोक त्याला कत्तिरी म्हणतात. या दिवसांत शहाणा माणूस पहाटे कामं उरकतो, दुपारी फरशीवर आडवा होतो आणि ऊन कललं की पुन्हा माणसांत येतो. देवाचंही तेच. दुपारी गाभारा बंद, तो चारच्या सुमारास उघडणार. मराठी माणसाला दुपारच्या कुलपाचं नवल वाटायचं कारण नाही.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या अंगणात चपला चालत नाहीत. काथ्याची चटई संपली की उरलेलं अंतर आपण ज्या चालीने कापतो, तिला भरतनाट्यम म्हणता येत नाही. पण हे त्या नृत्याची शिस्त बांधणाऱ्या तंजावर बंधूंचं गाव. इथे तालात पाय पडले की कुणी हसत नाही.

या मंदिराच्या साठ मीटरहून उंच विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही, असं म्हणतात. पडते. सकाळी आणि संध्याकाळी अख्खं गाव तिच्यात बसलेलं असतं. पण हा समज आला कुठून, ते मे महिन्यातच कळतं. तंजावरचा अक्षांश जेमतेम अकरा. भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि विमानाची सावली त्याच्या स्वतःच्याच पायऱ्यापायऱ्यांच्या अंगावर विरते. डिसेंबरात मात्र ती दुपारीही अंगणात लांबवर पसरते. म्हणजे थंडीत येणाऱ्याला दंतकथा खोटी वाटते आणि उन्हाळ्यात येणाऱ्याला ती पोळते.

प्राकाराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या काळातला, १८०३ चा मराठी शिलालेख आहे. त्यात भोसले घराण्याचा इतिहास सविस्तर कोरला आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं नाव लिहायची हौस आपल्याकडे जुनी; पण इतक्या नेटाने आणि इतक्या तपशिलात ती दुसऱ्या कुणी भागवलेली नसावी. हंगामात इथे मागचा माणूस पुढच्याला ढकलतो. कत्तिरीत ढकलायला कुणी नसतं. गाईडसुद्धा सावलीत बसून, लांबूनच हात करून, ‘वाचा सावकाश’ असं सुचवतो. मग राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जावं. सरफोजींनी जमवलेला विद्येचा ठेवा काचेआड पाहताना डोक्यावर पंखा फिरत असला, तर राजाबद्दलचा आदर दुणावतो.

उणं काही नाही असं नाही. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाने १२ जूनला सुटतं, त्यामुळे चित्रांत दिसणारी हिरवी भातखाचरं मे महिन्यात दिसत नाहीत. कालवे कोरडे असतात आणि पोरं त्यांत क्रिकेट खेळतात. भरपाई म्हणून हातगाडीवर ताडगोळे मिळतात.

एवढ्यावरून आपण मोठं आडवेळचं शहाणपण केलं, असं वाटू लागलं तर मदुराईकडे पाहावं. चित्तिरै महिन्यात, म्हणजे ऐन एप्रिल-मेच्या उन्हात, तिथे मीनाक्षीचं लग्न लागतं. पौर्णिमेच्या सुमारास तिचा भाऊ अळगर, म्हणजे विष्णू, घोड्यावर बसून वैगै नदीत उतरतो. त्याच्यासाठी धरणातून पाणी सोडतात, भक्त एकमेकांवर पाणी उडवतात आणि लाखोंच्या गर्दीत खोली मिळणं सोडा, उभं राहायला जागा मिळत नाही. मदुराईचा राजा तिरुमलै नायक याने लग्न आणि अळगराची स्वारी हे दोन उत्सव एकत्र आणले, असं सांगतात. त्याने पर्यटकांना विचारलेलं दिसत नाही.

हंगाम ही पाहुण्यांची सोय आहे. गावाचं वर्ष वेगळं चालतं. तंजावर देखणं पाहायचं असेल तर थंडीत जा. ते राहतं कसं, हे पाहायचं असेल तर कत्तिरीत जा. अट एकच: पहाटे पाचला उठायला हवं. ते जमणार नसेल तर डिसेंबरच बरा.