भैरवी न होता

पुणेरी श्रोत्याला मैफलीत दोन कामं असतात. एक, समेवर मान टाकणं; दुसरं, शेजारच्याने भलत्या जागी 'क्या बात है' म्हटलं की त्याच्याकडे वळून बघणं. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये मी दोन्ही बाबतींत बेकार झालो.

जर्सी सिटीत राहणाऱ्या भाच्याने हट्टाने नेलं. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर एक दार, आत अरुंद जिना आणि खाली तळघर. मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थांनी हा क्लब १९३५ साली इथे आणला, तेव्हा खाली कवितावाचन चालायचं. पुढे कवी गेले, जॅझवाले आले आणि क्लब जगप्रसिद्ध झाला. यावर मी काही बोलत नाही. मित्रमंडळींत कवी आहेत.

खोली मागून पुढे निमुळती होत जाणारी, १२३ माणसांची. हा आकडा ठरवताना गुडघे धरलेले दिसत नाहीत. किचन आहे, पण त्यात वादक बसतात. किचन असून बटाटावडा नाही, आणि शिवाय तिकिटावर माणशी एक पेय सक्तीचं! मी जिंजर एल मागवलं आणि त्यातला बर्फ पुरवून पुरवून खाल्ला.

सोमवार होता. थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी १९६६ साली इथे सोमवारचा ऑर्केस्ट्रा सुरू केला, तो अजून चालू आहे. सोळा माणसं! आमच्या सोसायटीच्या गणपतीचा मांडव याहून ऐसपैस असतो. भाच्याने हौसेने पुढची जागा धरली होती, त्यामुळे ट्रोंबोनची नळी प्रत्येक खालच्या सुराला माझ्या चष्म्यापर्यंत येऊन परत जायची. ट्रोंबोनवाल्यांमधले एक काका फुंकून झालं की नळीची कळ दाबून आतलं पाणी शांतपणे सतरंजीवर सोडत. (ते पाणी म्हणजे मुख्यतः श्वासाची वाफ असते, असं भाचा म्हणाला. 'मुख्यतः' हा शब्द मला आवडला नाही.) मागे ट्रम्पेटवाल्याने खुर्चीखालून तुंबलेलं सिंक मोकळं करायच्या पंपाची रबरी वाटी काढली. मला वाटलं, किचनमध्ये काही झालं. त्याने ती ट्रम्पेटच्या तोंडावर धरली, उघडझाप केली आणि वाद्य चक्क बोलायला लागलं. कुरकुरलं, लाडात आलं, शेवटी रडलं. सिंकच्या पंपाने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं, हे घरी कोणाला सांगणार?

पंचाईत तालाची झाली. मी जन्मभराच्या सवयीने एकवर मान टाकत होतो आणि सगळी खोली दोन आणि चारवर पाय आपटत होती. "मामा, तू उलटा चाललायस," भाचा कुजबुजला. त्यात प्रत्येकाचा सोलो संपला की गाणं चालू असतानाच टाळ्या! पुढच्या वादकाचे पहिले सूर टाळ्यांत बुडतात, पण तो साउंडवाल्याकडे बघून बोटसुद्धा वर करत नाही. आमच्याकडचा गवई तानपुरा खाली ठेवेल. मग चारही ट्रम्पेट एकदम उसळले आणि माझा पाय आपोआप सुरू झाला. श्रेय संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांचं. गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करायचा. 'अलबेला'च्या (१९५१) पडद्यावर तो आपल्या बँडसकट दिसतो. म्हणजे अण्णांनी हे आमच्या पायांत कधीच भरून ठेवलं होतं; आम्ही त्याला सिनेमाची गाणी म्हणत होतो, इतकंच.

हल्ली इथे वादन चालू असताना बोलायला बंदी आहे. पूर्वी नव्हती. बिल इव्हान्सने २५ जून १९६१ रोजी इथे केलेलं ध्वनिमुद्रण भाच्याने येताना ट्रेनमध्ये ऐकवलं होतं. तो नाजूक पियानो, आणि मागे ग्लास किणकिणतायत, लोक खुशाल गप्पा मारतायत! त्या रविवारी बडबडणारे श्रोते असे अजरामर झाले. मी तोंड मिटून बसलो, माझं नाव कुठेच राहणार नाही.

तास-सव्वा तासात दिवे लागले. पुढचा सेट, वेगळं तिकीट. सवाई गंधर्व महोत्सवात कलाकार बदलतात आणि श्रोते सतरंजीला चिकटून राहतात. इथे कलाकार तेच, श्रोते बदलायचे.

"अरे, भैरवी नाही झाली!"

"मामा, दुसरी पंगत उभी आहे वर. ऊठ."

फुटपाथवर खरंच रांग होती. पुढच्याच एका गोऱ्या आजोबांनी उत्सुकतेने विचारलं, कसं झालं? मी त्यांना ट्रोंबोनपासून दोन हात लांब बसायला सांगितलं.