छोटा हत्ती आणि दोन तंबू

इतिहासातली तलवार सगळ्यांना हवी असते, मेख कुणालाच नको असते. शिवकाळातले अठरा कारखाने पाठ म्हणून दाखवणारा विद्यार्थीसुद्धा तोफखाना, दारूखाना, पीलखाना असं झोकात म्हणत येतो आणि फरासखान्यापाशी आवाज उतरवतो. तंबू, कनाती, जाजमं, बैठका सांभाळणारं हे खातं. पुण्यात त्याच्या नावाचं पोलीस ठाणं तरी आहे. आमच्या लातूर-नांदेडकडं फरासखान्याचं नाव उरलं नाही, धंदा मात्र जोरात आहे. कुठल्याही तालुक्याच्या गावी एक तरी ‘बिछायत केंद्र’ असतंच. मालक लोडाला टेकून बसलेला, मागं गाद्यांची थप्पी, सतरंज्यांच्या वळकट्या, कोपऱ्यात बांबू आणि पोत्यात मेखा. लग्न असो, सप्ताह असो, पुढाऱ्याची सभा असो की दहावा, त्याच्यावाचून कुणाचं काही हलत नाही, आणि एकाही फोटोत तो सापडत नाही.

आमच्या भागातल्या एका मंडळानं यंदा शिवजयंतीला मिरवणुकीच्या जोडीनं छावणीचा देखावा करायचं ठरवलं. लढाईच्या आदल्या रात्रीची छावणी: तंबू, शेकोट्या, पहारा, मावळे. तलवारींचं खातं घ्यायला सात-आठ जण उठले. सामानाचं खातं माझ्याकडं आलं. निवृत्त मास्तर आणि घरात पुस्तकांचं एक कपाट, एवढ्या भांडवलावर आमच्या गल्लीत माणूस इतिहासकार ठरतो.

या छंदात जग फार पुढं गेलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात १९६६ साली काही मंडळी एका घराच्या परसात जुन्या युरोपातले पोशाख घालून जमली, लुटुपुटीचं द्वंद्व खेळली, आणि त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ नावाची संस्था उभी राहिली. तिचा पेन्सिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात मेळा भरतो. हजारो माणसं तंबू ठोकून राहतात आणि चिकटपट्टीत गुंडाळलेल्या वेताच्या तलवारींनी लढतात. पण त्यांची खरी झुंज फर्निचरशी चालते. घडीच्या खुर्च्या, सुटे करून गाडीत घालायचे पलंग, कड्यांच्या पेट्या, सगळं घरी करायचं आणि आधुनिक स्क्रू कुठं दिसू द्यायचा नाही. नॉर्वेत १९०४ साली उकरलेलं ओसेबर्गचं जहाज हे अशा लोकांचं तीर्थक्षेत्र. नवव्या शतकात दोन बायकांसोबत पुरलेल्या त्या जहाजात पलंग निघाले, तंबूची चौकट निघाली, पेट्या निघाल्या. पाचरी काढल्या की पलंग सुटा होतो.

त्या पलंगाचं चित्र मी आमच्या सुताराला कौतुकानं दाखवलं. त्यानं मोबाइल लांब धरून पाहिला. “यात काय नवं हाय, सर? तिफणीला खिळा कुठं असतोय? पाचरीवरच तर समदं ऱ्हातंय.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण तुमी हे करायलाव कामून?”

कामून याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. शिवाय आपल्याकडची अडचण वेगळीच निघाली. तिकडच्या छावणीत काय काय बनवायचं हा प्रश्न. आपल्याकडं बनवण्यासारखं फारसं काही नाहीच. खुर्ची नाही, टेबल नाही. जमिनीवर जाजम, त्यावर गादी, मागं लोड, की दरबार तयार. उठवलं की वळकटी, वळकटी बैलावर. फर्निचर म्हणायला फार तर एखादी बाज. तेव्हा बाजेवरच सगळी हौस भागवायचं ठरलं. बाभळीची चौकट सुतारानं पाचरीवर बसवून दिली. विणायला अंबाडीचं सुंभ हवं होतं. आमच्याकडं अंबाडीची भाजी भाकरीबरोबर सगळे खातात; तिच्या ताटांचा वाख काढून दोर वळणारी माणसं मात्र आता शोधावी लागतात. एका खेड्यातल्या आजोबांनी दोर वळून दिला आणि बाजही विणून दिली. पायथ्याकडची दोरी त्यांनी पाय रोवून ओढली तेव्हा सगळी वीण एकदम तणाणली. पोरांनी रील काढली. आजोबांनी विचारलं, “आन् ह्यावर निजणार कोन?” कोणीच निजणार नव्हतं. बाज दिसायला हवी होती.

बाजेला हसू नये. नांदेडच्या इतिहासाला वळण लागलं ते एका पलंगापाशी, असं तिथले लोक सांगतात. १७०८ साली बादशाह बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंगजी गोदाकाठी आले. तिथं माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. बैरागी बाहेर गेलेला असताना गुरुजी आत आले आणि त्याच्या पलंगावर खुशाल बसले. माधोदास परतला, संतापला, आणि मंत्रविद्येनं पलंग उलटवायची खटपट करू लागला. पलंग हलेना. शेवटी बैरागीच हलला. तोच पुढं बंदा सिंग बहादूर म्हणून पंजाबात मोगलांशी लढला. लष्करातला माणूस दुसऱ्याच्या घरी आला की आधी बसायची जागा बघतो, हे मला त्यात फार खरं वाटतं.

त्याच नांदेडात हल्ला-महल्ल्याच्या दिवशी निळ्या पोशाखातले निहंग घोड्यांवरून निघतात, पगडीवर पोलादी चक्रं चढवलेली. आपण त्याला देखावा म्हणू, ते म्हणणार नाहीत. त्यांचा तो रोजचाच वेष. आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात भल्यामोठ्या देगी चुलीवर चढतात, पंगती बसतात, उठतात, पुन्हा बसतात. जुन्या लष्कराचा मुदपाकखाना कसा चालत असेल हे ज्याला बघायचं त्यानं मालिका बघू नयेत, तिथं जाऊन पोळ्या लाटू लागावं.

मालिकांचा विषय निघालाच म्हणून सांगतो. मंडळातल्या पोरांच्या डोळ्यांपुढं महाराजांची छावणी म्हणजे जांभळी मखमल, सोनेरी झालर, झुंबर आणि सिंहाच्या तोंडांचं आसन. मी त्यांना पाँडिचेरीच्या फ्रेंच वखारीतल्या फ्रान्स्वा मार्टिनची गोष्ट सांगितली. १६७७ साली महाराज दक्षिणेत असताना मार्टिनचा जर्मँ नावाचा माणूस त्यांच्या छावणीत जाऊन आला. त्यानं आणलेला वृत्तान्त मार्टिननं आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय: डामडौल नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही; दोनच तंबू, तेही लहान आणि जाड्याभरड्या कापडाचे, एक राजाचा आणि एक मुख्य प्रधानाचा. राज्याभिषेकाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. रायगडावर सिंहासन होतं आणि मोहिमेवर हा कारभार.

पोरं गप्प झाली. मग एकानं विचारलं, “सर, दोनच तंबू लावले तर लोकं म्हणतील, वर्गणी कुठं गेली?”

याला माझ्या कपाटात उत्तर नव्हतं. दुसऱ्या बाजूला मोगलांचा थाट कागदोपत्री पक्का आहे. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजल सांगतो, बादशाही तळाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. मध्ये ४० गजांहून उंच खांब, त्याला सोळा तणावे, वर आकाशदिवा, म्हणजे रात्री चुकलेल्याला आपला तळ सापडावा. तंबूंचे दोन संच असत. बादशाह एका मुक्कामाला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. हे ऐकून बिछायतवाला खूश झाला. “लग्नसराईत आमचं हेच तर असतंय. रेणापूरला जेवणं चालू, तवर अवसेकराचा मांडव उभा.” फक्त वाहतुकीचा फरक. अकबराकडं शंभर हत्ती होते, आमच्याकडं एकच, आणि तोही छोटा. त्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोनं बांबू, गाद्या, बाज आणि अर्धं मावळे मंडळ एकाच खेपेत आणलं.

तंबूचं कापड हा माझा हट्ट होता. चकचकीत सॅटिन नको, जाडी खादी हवी. ती मिळवायला लांब जावं लागत नाही. राष्ट्रध्वजाची खादी विणणारं उदगीर आमच्याच जिल्ह्यात, आणि तिचे ध्वज तयार होतात नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत. उदगीर म्हटलं की आम्हाला १७६० आठवतं. त्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला याच टापूत, उदगीर ते औसा, सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला चेपलं, आणि मार्चमध्ये परतूरच्या तळावरून भाऊ उत्तरेकडं निघाले. त्या वेळी लष्करामागं बाजारबुणगे, यात्रेकरू, कबिले असा केवढा पसारा होता ते पानिपत शिकवताना दरवर्षी सांगावं लागतं. १६७७चे दोन तंबू आणि १७६०चा तो पसारा यांच्यामध्ये त्र्याऐंशी वर्षं आहेत. मास्तरकीच्या सवयीनं मी हे फळ्याशिवाय सांगत बसलो; ऐकायला बिछायतवाल्याचा पोऱ्या तेवढा होता, आणि तोही मेखा मोजत होता.

मेखांसाठी मला माळेगावची यात्रा आठवली. लातूर-नांदेड रस्त्यावर, लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष सरताना तिथं खंडोबाच्या नावानं घोडे, गाढवं, उंट उतरतात आणि माळरानावर पालांचं गाव वसतं. कुठलं पाल कुठं लावायचं याचा नकाशा कुणाकडं नसतो, तरी वाट चुकत नाही. १८०९ साली शिंद्यांच्या लष्करात राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या पत्रांत लिहिलंय की बिनीवाला पुढं जाऊन शिंद्यांच्या डेऱ्याच्या जागेवर छोटं पांढरं निशाण रोवायचा, आणि त्या खुणेवर सगळा तळ ठरल्या क्रमानं बसायचा. माळेगावात मला तो बिनीवाला दिसला नाही, पण कारभार तसाच वाटला. रस्त्याकडेला भाता लावून बसलेल्या एका घिसाडी जोडप्यानं आमच्या मेखा ठोकून दिल्या. नवरा सांडशीनं तापलेलं लोखंड धरायचा आणि बाई घण घालायची. एकेका मेखेला चार-सहा घाव. “जुन्या पद्धतीच्या करा,” असं मी सांगितलं होतं. बाईनं घण खाली ठेवून विचारलं, नवी पद्धत कंची असतीय?

तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय की हा ‘जुना काळ’ आपण कुणाकडून उसना मागतोय. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा कडब्याच्या पाच पेंढ्या टेकवून, वर शाल टाकून पांडवांची कोप करतं आणि घोंगडीवर बसून भज्जी-आंबील ओरपतं. लष्करामागून पाणी वाहणाऱ्या पखालीबद्दल तर लातूरकराला वेगळं सांगायला नको; २०१६ साली आमचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलेलं आहे.

तरी काही गोष्टींना तोड नव्हती. पहिली, प्रमुख पाहुणे. ते जाजमावर बसणार नव्हते, गुडघे. मंडळानं लाल सोफा आणि पाठीवर पांढरा टॉवेल असं सुचवलं. मी अडून बसलो. शेवटी बिछायतवाल्यानं तोडगा काढला: गादीवर गादी रचत गुडघ्याएवढी उंची गाठली, वर पांढरी चादर, दोन्ही बाजूंना लोड. पाहुणे कडेला टेकले, पाय खाली सोडले आणि खरोखर सरदार दिसू लागले. भाषण रंगलं तशा गाद्या हळूहळू एका अंगाला सरकू लागल्या. एक मावळा भाला टाकून भाषण संपेस्तोवर मागून लोड दाबून उभा राहिला. सगळ्या छावणीत खरा पहारा तेवढाच झाला.

दुसरी गोष्ट आग. शेकोट्या आणि पलिते पेटवायला परवानगी नव्हती. पोरं हिरमुसली, पण इथं मी सरकारी बाजूला होतो. चिपळूणच्या छावणीला गेलेलं महाराजांचं पत्र प्रसिद्धच आहे. गवताच्या गंजींजवळ कुणी चुली पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळा चारा खाक होईल, अशी ताकीद आहे त्यात. राजानं उंदरापर्यंत विचार केलेला. मग आम्ही लाल जिलेटीन पेपर, पंखा आणि खालून बल्ब लावून ज्वाळा केल्या. उंदराला धोका नव्हता. पंख्याच्या वायरीत मावळे अडखळले तेवढेच.

देखावा बरा झाला. लोकांनी सेल्फी काढले ते बाजेवर बसून. सिंहासन का नाही असं फार लोकांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी खादीचा तंबू एका सभासदाच्या शेतात सोयाबीनवर झाकायला गेला, आणि बाज मंगल कार्यालयाच्या वॉचमननं मागून घेतली. तो तिच्यावर रोज झोपतो. आजोबांना कळवलं पाहिजे.

पुढच्या वर्षीचा विषय मात्र ठरलाय. औरंगजेबाच्या तळावर शिरून संताजी घोरपड्यांनी डेऱ्याचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस पळवले, तो प्रसंग. कल्पना सगळ्यांना पटली. औरंगजेब व्हायला कुणी तयार नाही आणि तणावे कापायला चाळीस नावं आलीत. शाही डेरा मोठा हवा, कळस दुरून चमकायला हवेत, आणि एका झटक्यात सगळं खाली यायला हवं. बिछायतवाल्यानं हे शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हणाला, “डेरा देतो. कळस पितळेचे चालतील ना? पण तणावा कापला तर दोरीचे पैसे येगळे, आन् आत कोन बसणार त्याचं नाव आधी सांगा.”