पाचव्या टॅकलवरचे पंडित

सिडनीच्या रग्बी लीग चाहत्याला सहा टॅकलचा हिशेब (सहा झाले की चेंडू समोरच्यांकडे) पाढ्यांआधी पाठ असतो. मैदानात गडी तेरा, पण वाद एकाच जर्सीवर: सात नंबर, हाफबॅक. संघ हरला तर पाचव्या टॅकलनंतर त्याचीच किक चुकली. जिंकला तर श्रेय पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांचं.

पेनरिथ क्लबचा हाफबॅक नेथन क्लिअरी यंत्रासारखा खेळतो, कल्पकता नाही, ही जुनी कुरकुर. लीगच्या २०२३च्या अंतिम सामन्यात ब्रिस्बेन २४-८ असं पुढे होतं. मग या यंत्राने शेवटच्या मिनिटांत स्वतः ट्राय नोंदवून सामना २६-२४ असा फिरवला.

टीकाकार गप्प बसले? छे! आता स्टेट ऑफ ओरिजिन या आंतरराज्य मालिकेत करून दाखव म्हणे. (वडीलच प्रशिक्षक, हा टोमणा राखीव.) ही कुरकुर ऐकतच पेनरिथने २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं घेतली.