बिल्ला, विमा आणि बाकी खुशाली

नोव्हाय, मिशिगन
रविवार दुपार (म्हणजे तुमची मध्यरात्र)

तीर्थरूप बाबा व आईस शिरसाष्टांग नमस्कार. मोठ्या आईला, काकाजींना, काकूला आणि ओसरीवर बसून जे कोणी हे पत्र ऐकत असतील त्या सगळ्यांनाही.

आधी नोकरीचं. नोकरी आहे. बाबांनी टीव्हीवरची पट्टी वाचून पहाटे तीनला फोन केला, त्या धसक्यानं तुमचे जावई अंथरुणातच लॅपटॉप उघडून बसले, नोकरी आहे की गेली ते बघायला. बाबा, गाडीवाल्या कंपन्यांतून माणसं कमी होणं हे इथलं नेहमीचंच. यांची कंपनी त्या बड्या कंपन्यांना दारांच्या आतली वायरिंग पुरवते. जोवर गाडीला दारं लागतात तोवर आपलं बरं चाललंय असं समजा.

पार्सल मिळालं. लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, वाळवलेले शिंगाडे, सगळं सुखरूप. सरगुंड्यांचा निम्मा चुरा झाला, तो मी खिरीत ढकलला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो निघाला. मला वाटलं सुषमाला बघायला आलेल्या मुलाचा असेल. निघालं काकाजींच्या टॅव्हेराचं तोंड! मधोमध दोन भोकं, आणि मागं बॉलपेननं लिहिलेलं, 'बिल्ला पाहिजे. असली.'

तेव्हा पुढचं पत्र काकाजींसाठी. फोनवर ते मला बोलूच देत नाहीत. 'कंपनीच्या दारात राह्यतं तू, अन् एक बिल्ला भेटत नाही? जावई काय करून राह्यला तिथं?' काकाजी, शेवरोले ही जनरल मोटर्सची गाडी. ती कंपनी इथंच आहे हे कबूल. पण तुमची टॅव्हेरा अमेरिकेत कधी विकलीच गेली नाही. इथल्या सुट्या भागांच्या दुकानात मी 'टॅव्हेरा' म्हटलं, तर त्या पोरानं मला हॉटेलचा पत्ता सांगितला.

बिल्ला मंडईच्या जत्रेत चोरीला गेला हे काकूनं सांगितलं. रात्रभर नाटक बघायचं आणि गाडी अंधारात सोडायची, मग काय होणार? तसाही त्या बिल्ल्यानं कमी घोळ केले नव्हते. आमगाव रोडवर लोक त्या सोनेरी अधिकच्या चिन्हाला दवाखान्याची खूण समजून हात दाखवायचे. सालेकशाच्या त्या आजीबाईंनी काकाजींपुढं मनगट धरलं होतं, आणि काकाजींनी नाडी बघून क्रोसिन दिली होती. वर भाडंही घेतलं.

तो बिल्ला आला कुठून, यावर इथंही आपल्या घरासारखंच आहे, जितकी माणसं तितक्या कथा. १९१३ पासून तो गाडीवर आहे. कंपनी उभी करणारा विल्यम ड्युरंट सांगायचा, पॅरिसच्या हॉटेलात भिंतीच्या कागदावर ही नक्षी पाहिली आणि तुकडा फाडून आणला. त्याची मुलगी म्हणायची, जेवणाच्या टेबलावर बसून बाबांनी चितारली. बायको म्हणायची, छे, वर्तमानपत्रातल्या कोळशाच्या जाहिरातीवरून घेतली. मला बायकोचं पटतं. नवऱ्यानं काय कुठून उचललं हे तिलाच ठाऊक असतं.

या ड्युरंटबद्दल वाचताना मला सारखे काकाजी दिसत होते. (काकू, हसू नकोस.) आमच्या घरापासून तासाभराच्या आत फ्लिंट म्हणून गाव आहे, तिथला हा माणूस. आधी घोडागाड्यांचा कारखानदार. १८८६ मध्ये कुणाच्या तरी छकड्यात बसला, हिसके कमी बसले म्हणून खूश झाला, आणि ती छकड्यांची कंपनीच १,५०० डॉलरना विकत घेतली, तेही उसन्या पैशांनी. मोटारी मात्र त्याला आवडायच्या नाहीत. तरी १९०४ मध्ये ब्युइक हाती घेतली, १९०८ मध्ये जनरल मोटर्स काढली, आणि मग दिसेल ती कंपनी विकत घेत सुटला. ओल्ड्समोबाईल झाली, कॅडिलॅक झाली. १९०९ मध्ये हेन्री फोर्डसुद्धा आपली कंपनी ८० लाख डॉलरना द्यायला तयार होता, रोख. बँकवाले म्हणाले, एवढी किंमत नाही त्या कंपनीची! आजोबांनी गोरेगाव रोडचा प्लॉट घेतला नाही त्याचं दुःख आपण अजून करतो, त्या बँकवाल्यांच्या नातवंडांचं काय होत असेल?

पुढं १९१० मध्ये बँकांनी ड्युरंटलाच बाहेर काढलं. त्यानं लुई शेवरोले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतवीराला हाताशी धरून १९११ मध्ये नवी कंपनी काढली, ती इतकी चालली की तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत ताब्यात. लुई मात्र तोवर भांडून निघून गेला होता. नाव त्याचं राहिलं, कंपनी नाही. १९२० मध्ये ड्युरंट पुन्हा बाहेर, या वेळी कायमचा. नंतर दिवाळं निघालं, आणि म्हातारपणी हा माणूस फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवायचा. १९४७ मध्ये गेला. काकाजींनी राइस मिल काढली, विकली, भागीदारीत परत घेतली, आणि आता मिलसमोर कँटीनचा विचार चाललाय असं आई म्हणाली. काकाजी, मला कँटीनची काळजी नाही, तुमच्या भागीदारांची आहे.

कुकर झाला. मध्येच उठले होते. चिकू विचारतोय, काकाआजोबांच्या गाडीत खरंच चौदा माणसं बसायची का. मी म्हटलं, टपावरची धरून की सोडून? इथं जितके पट्टे तितकी माणसं. मागं मंडळाच्या गणपतीला एक पाहुणा जास्त झाला, तर त्याच्यासाठी वेगळी गाडी निघाली.

आता विम्याचं. आई, बाबांना आधी बसव. आमच्या दोन गाड्यांचा सहा महिन्यांचा विमा (वर्षाचा नव्हे, सहा महिन्यांचा) रुपयांत दोन लाखांच्या वर गेला. गोंदियात तांदूळ स्वस्त, तसा गाड्यांच्या मुलखात गाडीचा विमा स्वस्त असेल असं मी धरून चालले होते. पण मिशिगन हे देशातल्या सर्वांत महागड्या विम्याच्या राज्यांत मोडतं. १९७३ मध्ये इथं असा कायदा लागू झाला की अपघातात चूक कुणाचीही असो, ज्याचा त्याचा दवाखाना ज्याच्या त्याच्या विमा कंपनीनं भरायचा, आयुष्यभर, रकमेला मर्यादा नाही. कायदा केवढा दयाळू! ती दया हप्त्यात वसूल झाली. २०२० पासून मर्यादा आपण निवडू शकतो, पण हप्त्याला ते अजून नीट कळलेलं दिसत नाही. गाडी रात्री कोणत्या भागात झोपते त्यावरही दर ठरतो. खुद्द डेट्रॉईट शहरात सर्वांत जास्त.

एवढं भरून गाडी टिकावी ना? हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात. पोतीच्या पोती. ते मीठही कुठलं, तर डेट्रॉईट शहराच्याच पोटात हजारेक फूट खाली खाण आहे. म्हणजे खालून मीठ काढायचं, वर पसरायचं, त्यानं गाडी खालून गंजवायची, आणि मग शेजारच्या कारखान्यातून नवी घ्यायची. याला म्हणतात धंदा. आमच्या एका गाडीला गंज आहे, दुसरीला दर थोड्या दिवसांनी कंपनीचं पत्र येतं की अमुक भाग सदोष निघाला, घेऊन या. कंपनीचं नाव लिहीत नाही, काकाजी चौकात सांगतील. गॅरेजवाल्यानं नुसतं खाली वाकून 'तेल गळतंय' एवढं सांगायचे जे पैसे घेतले, त्यात आपल्याकडं इंजिन उतरवून, धुऊन, परत चढवून, वर चहा पाजतात.

अशा पत्रांना घाबरायचं नाही हे मी काकाजींकडूनच शिकले. २०१३ मध्ये कंपनीनं भारतातल्या १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावल्या, धुराच्या चाचणीत कंपनीच्याच लोकांनी लबाडी केली म्हणून. काकाजींनी पेपर वाचला आणि गाडी गोठ्यात नेऊन वर तणस टाकलं. 'पैसे देऊन घेतली, आता परत मागून राह्यले!' मोठ्या आईनं दोन दिवस कुणालाही फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं.

आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं मात्र पत्र आलं की मला घाम फुटतो. मागच्या उन्हाळ्यात मागच्या ओट्यावर कुरडया घातल्या. पत्र आलं, ओट्यावर वाळवणाला बंदी आहे. दोरी नाही, कपडे नाहीत, काही नाही; वसाहतीची शोभा जाते म्हणे. मी नियमावली काढून बसले, पानोपान वाचली. गवताची उंची आहे, टपालपेटीचा रंग आहे, कचऱ्याचा डबा किती वाजता दिसेनासा व्हावा तेही आहे. गाडीच्या टपाबद्दल चकार शब्द नाही. मग गाडी उन्हात लावली, टपावर नऊवारी अंथरली आणि कुरडया तिथं घातल्या. दोन दिवसांत खडखडीत. मग सोसायटीची बाई स्वतः आली, गाडीभोवती फिरली, विचारलं हे काय आहे. मी एक तळून दिली. नियमावलीच्या नव्या आवृत्तीत आता गाडीचा टप आहे. बाई मात्र अधूनमधून विचारते, या वर्षी करणार का.

पलीकडच्या घरात एक म्हातारबाबा राहतात. फ्लिंटच्या ब्युइकच्या कारखान्यात जन्म गेला. तो कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. आम्ही पहिल्यांदा जपानी गाडी घेतली तेव्हा ते आमच्याशी बोलायचे थांबले होते. काकाजींचा फोटो दाखवल्यावर बोलू लागले. बाबा, त्यांचे वडील १९३६-३७ च्या संपात होते. कामगार कारखान्याच्या आतच बसून राहिले, ४४ दिवस, ऐन थंडीत, आणि शेवटी कंपनीला युनियन मान्य करावी लागली. मी त्यांना सांगितलं, आमचे बाबाही १९७४ च्या रेल्वे संपात होते, तो वीस दिवस चालला. ते म्हणाले, 'वीसच?' हे तुम्हाला सांगू नये असं जावयांचं मत होतं.

म्हातारबाबांना वाटायचं कंपनी भारतात कधी गेलीच नसेल. मी म्हटलं, आजोबा, १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला तुमच्या कंपनीचा गाड्या जोडायचा कारखाना होता, १९५४ मध्ये गुंडाळला. मग नव्वदच्या दशकात परत आली, २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला मोठा कारखाना काढला, २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री थांबवली, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावही बंद. आता तिथं ह्युंदाई आहे. म्हातारबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तिथंही तेच केलं का. २००९ मध्ये दिवाळं निघालं तेव्हा इथल्या सरकारनं कंपनीला जवळपास ५० अब्ज डॉलर देऊन वाचवलं होतं. बाबा, तुम्ही लगेच धानाच्या सरकारी बोनसचं काढणार, ठाऊक आहे. काढा.

पण एक सांगू? कंपनी गेली आणि काकाजींची टॅव्हेरा राहिली, याचा मला इथं बसून फार आधार वाटतो. कचारगडच्या जत्रेला या वर्षीही ती गेली हे ऐकून मला रडूच आलं. आपल्या सहली आठवल्या: मागच्या बाकावर उलटं तोंड करून आम्ही पोरं, कोहमाऱ्यापर्यंत अंताक्षरी, मग नवेगावबांधच्या पाळीवर काकूची डब्यातली भाजी-पोळी, आणि येताना सुषमाची ओकारी. इथल्या गाडीत सीट गरम होतात, आरसे आपोआप मिटतात, आणि आत बसलं की कुणाचा कोपर लागत नाही. रोवणीच्या दिवसांत तर मला इथली हिरवळ बघवत नाही. नुसतं गवत, बाबा. कापतात आणि फेकून देतात.

असो. बिल्ला मिळाला आहे. म्हातारबाबांनी गॅरेजातून काढून दिला, पैसे घेतले नाहीत. असली आहे. फक्त तो त्यांच्या जुन्या ट्रकचा आहे, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. टॅव्हेराचं नाक पूर्ण झाकेल, हवा आत जायला जागा ठेवा. मार्चमध्ये तिरोड्याचे पाटील येताहेत त्यांच्या बॅगेतून पाठवते. आता आजीबाईंनी हात दाखवला तर निदान ब्लडप्रेशरचं यंत्र तरी ठेवा गाडीत.

आमच्या गाडीला पुढं नंबरप्लेट नाही, मिशिगनमध्ये फक्त मागंच लावतात. त्या मोकळ्या जागेत आईनं सांगितल्याप्रमाणं लिंबू-मिरची बांधली आहे. थंडीत लिंबाचा दगड होतो, पण उतरत नाही.

मोठ्या आईच्या गुडघ्याला नागपूरचाच डॉक्टर बरा, गावातल्या त्या तेलवाल्याला आता पुरे म्हणा. शेजाऱ्यांच्या भिंतीवरून बाबांनी भांडू नये. मोजणी होऊ द्या, मग भांडा. काकूचा ब्लाउज मला होत नाही, पण मी वापरते.

सुषमाच्या स्थळाचं मात्र मला पटलं नाही. 'आम्हाला काही नको, फक्त एक गाडी' असं ते म्हणाले म्हणे. आई, तू लिहिलंस की तशी माणसं साधी आहेत. साधी असती तर सायकल मागितली असती. स्पष्ट नाही म्हणा. काकाजींना बोलायला संकोच वाटत असेल तर त्यांनी एवढंच करावं. मुलाला टॅव्हेरात बसवावं, जत्रेच्या दिवशी, मधल्या बाकावर पाचवा, आणि देवरीला नेऊन आणावं. उतरल्यावर त्याला पुन्हा विचारा, गाडी हवी का म्हणून.

तुमची,
मंजू

ता. क. लाखोळीची डाळ पुढच्या खेपेला दुप्पट पाठवा. कुरडई खाल्ल्यापासून सोसायटीची बाई डाळीवरही डोळा ठेवून आहे.