पाचशे रुपयांची पलटण

सदर दुर्गप्रेमी गृहस्थ आणि या मजकुराचा लेखक एकाच चष्म्यातून वाचतात आणि एकाच बायकोचं ऐकून घेतात, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. गृहस्थांचे 127 किल्ले झाले आहेत. त्याची वही आहे. कुणी सहज "आज हवा बरी आहे" म्हणालं, तरी ते "राजगडावर मात्र..." अशी सुरुवात करतात आणि समोरचा घड्याळ बघू लागतो.

म्हणून हिंगोलीला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा त्यांनी आहेराच्या आधी गड चढायचे बूट बॅगेत भरले. हिंगोली म्हणजे निजामाच्या मुलखाच्या उत्तर टोकाचं लष्करी ठाणं, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. सरहद्द आली, लष्कर आलं, म्हणजे किल्ला आलाच! वहीत 128 हा आकडा त्यांनी घरूनच घालून आणला होता.

"किल्ला?" मेव्हण्यानं मांडववाल्याचा फोन कानापासून दूर धरला. "दाजी, औंढ्याला नागनाथाचं दर्शन करून आणतो. नर्सीला नामदेव महाराजांच्या गावी नेतो. किल्ला काहून पाहिजे तुम्हाला?"

"सरहद्दीवरचा पाहिजे," गृहस्थ ठामपणे म्हणाले.

"सरहद्द? आपली तर वाशिमकरांशी सोयरीक झाली!"

मेव्हणा विनोद करत नव्हता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे निजाम, अशी ही सरहद्द. इथे राहायची ती हैदराबाद कंटिंजंट. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या खिशातून. हा पगार थकत गेला. शेवटी 1853 साली इंग्रजांनी त्या थकबाकीपोटी आणि पुढच्या खर्चापोटी अख्खं वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. हप्ते चुकले म्हणून ट्रॅक्टर ओढून नेलेला आपण पाहतो. इथे प्रांत ओढून नेला. आता त्याच वऱ्हाडातून वऱ्हाड येणार होतं आणि मेव्हण्याला काळजी होती ती फक्त त्यांच्या चहाची.

गृहस्थ एकटेच निघाले. रिक्षावाल्याला म्हणाले, "जुन्या छावणीत ने."

"कुठं सोडू काका? रिसाला बाजार, तोफखाना, का पलटण?"

गृहस्थांच्या अंगावर काटा आला. घोडदळ, तोफा आणि पायदळ, तिन्ही एका रिक्षाच्या भाड्यात! प्रत्यक्षात रिसाल्यात घोडा नव्हता. मोटरसायकली होत्या आणि एक शेळी. तोफखान्यात तोफ कुठे म्हणून विचारलं, तर पोरानं त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणालं, "उरुसाला आलात काय?" बुरूज नाही, तट नाही, चोरदरवाजा नाही. वहीतला 128 खोडायची वेळ आली.

मग त्यांनी हरिसिंग काढला.

ही त्यांची जुनी खोड. मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. 1839 साली लंडनला छापलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यानं हिंगोलीचा किस्सा सांगितला आहे. हरिसिंग म्हणून इथे एक अब्रूदार व्यापारी होता. खुद्द टेलरसाहेबाचा त्याच्याशी व्यवहार. एकदा तो कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणायचा परवाना रीतसर मागून घेतला. कापड खरोखरच वाटेवर होतं, फक्त दुसऱ्याचं. हरिसिंगानं मालकाला, नोकरांना, गाडीवानांना वाटेतच संपवलं, माल सरकारी परवान्यावर छावणीत आणला आणि राजरोस विकला. साहेबलोकांनी शिवून घेतलेले सदरे त्यातलेच असतील! हा ठगांचा म्होरक्या पुढे पकडला गेला, कबुलीही त्यानंच दिली, तीही नामी गंमत सांगावी तशी. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या ओळीपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओढ्यात पुरली होती. माफीच्या साक्षीदारांनी एकेक खड्डा दाखवला. टेलर तिथे उभा होता. शेवटी बघवेना म्हणून खणणंच थांबवलं.

हा सगळा किस्सा गृहस्थांनी बाजारातल्या एका भंगारवाल्याला हातवारे करत सांगितला. त्यानं फार मन लावून ऐकला. "साहेब, तुम्ही जाणकार दिसता," तो म्हणाला आणि गल्ल्याखालून एक पितळी बटण काढलं. "पलटणीचं आहे. गोऱ्यांच्या टाइमचं." पाचशे रुपये. जाणकार म्हटल्यावर घासाघीस कशी करणार?

परतताना रिक्षा पेन्शनपुऱ्यावरून गेली आणि बटण मुठीत धरलेले गृहस्थ जरा गप्प झाले. 1903 मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत मिसळली आणि छावणी उठली. घोडे गेले, तोफा गेल्या, साहेब गेले. ज्यांना कुठे जायचं नव्हतं ते पेन्शन घेऊन इथेच राहिले असावेत. त्यांचं नाव कुठल्या दगडावर नाही, पत्त्यावर आहे. पोस्टमन रोज वाचतो.

आणि एक गोष्ट त्यांना मनापासून डाचत होती. जानेवारी 1819 मध्ये हदगावकडच्या नाव्ह्याच्या गढीत हटकरांचा नोवसाजी नाईक याच निजामी फौजेशी लढला. गढी पडली, नाईकाला कैद करून हैदराबादला नेलं. जिंकणाऱ्या पलटणींना 'नोवा' हा युद्धसन्मान मिळाला. त्यांच्या निशाणावर गावाचं नाव चढलं. आणि 127 किल्ल्यांच्या वहीत? नाव्हा नाही. कारण तिथे फोटो काढण्याजोगा दरवाजा आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. सह्याद्रीतल्या टाक्यांची खोली तोंडपाठ असलेल्या माणसाला मराठवाड्यातली ही लढाई लग्नाच्या निमित्तानं आठवावी, याचा राग कुणावर काढायचा हे न कळून त्यांनी रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडण केलं.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. पुढे बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पितळी बटणं. ट्रम्पेटवाल्याच्या कोटाचं तिसरं बटण नव्हतं.

गृहस्थांनी खिशात हात घातला. तोच नक्षीदार सिंह, तोच डाव्या पंजाचा चेपलेला भाग. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे ते पुढे गेले आणि बटण त्याच्या हातावर ठेवलं.

"कुठं सापडलं हो?" तो खूश झाला. "डझन घेतलं तर साठ रुपये पडतात, पण एकेरी कुणी देत नाही."

"राहता कुठं तुम्ही?" गृहस्थांनी कसंबसं विचारलं.

"पलटणीत," म्हणत त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावला.

रात्री गृहस्थांनी वही उघडली. 128 खोडला नाही. त्यापुढे 'पलटण, हिंगोली' लिहिलं आणि किमतीचा रकाना बायको झोपेपर्यंत रिकामा ठेवला.