चांदोलीत पक्षी पाहणाऱ्या मिरजकर रसिकांसाठी नियमावली

चांदोली राष्ट्रीय उद्यानात पक्षी पाहायला निघणाऱ्या समस्त मिरजकरांच्या हितासाठी पुढील नियम काढले आहेत. त्यांत कोणा एकाला उद्देशून काही नाही. नानांनी गैरसमज करून घेऊ नये.

1. मुहूर्त : पावसाळ्यात उद्यान बंद असते. मेअखेर गाठावी, वनखात्याची परवानगी आणि गाइड घ्यावा. आदल्या रात्रीच मणदूरच्या आसपास मुक्काम टाकावा. "सकाळी चहा घेऊन निघू" म्हणणाऱ्याने चहाच घ्यावा.

2. भूगर्भ : सह्याद्रीचा कातळ लाव्हाचाच, पण तो निवून सुमारे 6.6 कोटी वर्षे झाली. झोळंबीच्या सड्यावर उभे राहून वनरक्षकाला "धूर कुठनं निघतो?" असे विचारू नये.

3. दुर्बीण : 8×42 ची घ्यावी. आठपट मोठे दिसते, 42 मिलिमीटरच्या भिंगातून रानातल्या अंधारातही बरा उजेड येतो, हातही फार हलत नाही. नानांची बारापटीची आहे. तिच्यातून त्यांना आजवर पानेच दिसली; पण मोठी दिसली.

4. पोशाख : पांढरा झब्बा नको. अत्तर तर नाहीच नाही.

5. जळवा : वळीव झाला की या हजर. पँट मोज्यात खोचावी. चिकटलेली जळू ओढू नये. तोंडाशी नख घालून बाजूला सरकवावी. ती रक्त न गोठू देणारे द्रव्य सोडून जाते, त्यामुळे रक्त थोडा वेळ वाहते. मिरज दवाखान्यांचे गाव असले म्हणून तेवढ्यासाठी माघारी फिरू नये.

6. दाद : हा मुख्य नियम. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. तिथे अंगवळणी पडलेली दाद रानात चालत नाही. उजाडायच्या आधी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. रिकामटेकडा पोरगा शीळ घालत चालला आहे असे वाटते; सूर चढतो, रेंगाळतो, मधेच सुटतो. खडकावर निळसर-काळा पक्षी, कपाळावर निळी चमक. सगळे श्वास धरून बसलेले. तेवढ्यात नानांचा हात वर जातो आणि "क्या बात है!" खडक रिकामा. वर आम्हालाच प्रश्न, "गेला कुठं?" अहो नाना, तुम्हीच घालवलात की!

7. कान : मात्र सदाहरित रानात पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो जास्त, हे कबूल केले पाहिजे. कुटुर्ग्यांची कुटूर-कुटूर दिवसभर चालते. त्या गदारोळातून नानांनी लांबचे खिदळणे वेगळे काढले. "धनेश. पलीकडं उंबर फळलाय बघा." फळलेला उंबर होता, आणि त्यावर मलबार राखी धनेशाची जोडी. जन्मभर तंबोऱ्याची जवारी ऐकलेला कान तो! मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या कानालाही द्यायला हरकत नव्हती.

8. सबब नानांना न्यावेच. घाटात गाडी लागते, म्हणून पुढची सीट द्यावी. रानात तोंडात सुपारी द्यावी. राहिलेली दाद परतीला शेडगेवाडीच्या चहावर एकदम द्यायची मुभा आहे. त्या वेळी सर्वांनी आपापले कप उचलून हातात धरावेत. नाना टेबलावर थाप मारतात.